अवेळ आणि अवकाळ

फाल्गुन सरत आलेला असतो. रानांत हरभरा उपटून ढिगाला लावलेला, ज्वारीचीं कणसें अजून खुडावयाचीं राहिलेलीं, आणि अशा एखाद्या दुपारीं देगलूरच्या पश्चिमेस आभाळ काळवंडूं लागतें. मग बाजारांतलें बोलणें एकदम बदलतें. भाव, लग्नें, निवडणुका हे विषय मागें पडतात आणि जो तो आभाळाकडे पाहून बोलूं लागतो. "हे काय पावसाचे दिवस आहेत?" हें पहिलें वाक्य, "पूर्वीं असें नव्हतें" हें दुसरें, आणि तिसरें बहुधा सरकाराविषयीं असतें. हिवाळ्यांत हीच मंडळी दिवस लहान झाला, कामें उरकत नाहींत, म्हणून कुरकुरतात. आणि चैत्र-वैशाखांत दिवस सरतां सरत नाहीं, म्हणून.

ह्या बोलण्याकडे सुशिक्षित मनुष्य हंसून पाहतो. हवा आणि वेळ ह्या दोन गोष्टी कोणाच्याच हातांतल्या नव्हेत. तेव्हां त्यांवर कुरकुर करणें हा रिकामपणाचा उद्योग होय, असें त्यास वाटतें. आमचें मत निराळें आहे. ही कुरकुर कागदावर क्वचितच उतरली. परंतु जेथें जेथें ती राज्यकर्त्यांच्या कानीं गेली, तेथें तेथें तिनें कालगणनेवर आणि कायद्यावर आपली खूण उठविली आहे. ती खूण वाचतां आली तर दख्खनच्या इतिहासाचें एक दुर्लक्षित साधन आपल्या हातीं लागतें.

आपल्या भाषेंत संकटांची एक जुनी जोडी आहे: अस्मानी आणि सुलतानी. आभाळाकडून येतें तें अस्मानी, राजाकडून येतें तें सुलतानी. अवर्षण, अतिवृष्टि, गारपीट ही पहिली. जुलूम, लूट, अवाजवी सारा ही दुसरी. ह्या जोडींत आम्ही आणखी एका गोष्टीची भर घालूं इच्छितों. पीक केव्हां पिकणार तें आभाळ ठरवितें. पण त्या पिकावरील सारा केव्हां भरावयाचा, कचेरी केव्हां उघडावयाची, कामास केव्हां लागावयाचें आणि दिवसाचे बारा केव्हां वाजले असें समजावयाचें, हें राजा ठरवितो. म्हणजे वेळेलाही अस्मानी आणि सुलतानी अशीं दोन अंगें आहेत. तीं एकमेकांशीं जुळलीं तर कोणी बोलत नाहीं. तीं फांकलीं म्हणजे कुरकुर सुरू होते.

देगलूर हें नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील तालुक्याचें गांव लेंडी-मांजरेच्या खोऱ्यांत वसलें आहे. एका बाजूस तेलंगण, दुसऱ्या बाजूस कर्नाटक. बाजारांत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू ह्या चारही भाषा कानावर पडतात. त्याचा पूर्व रेखांश सुमारें ७७ अंश ३५ कला. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखांशावर बसविली आहे तो ८२ अंश ३० कला. सूर्यास एक अंश ओलांडावयास चार मिनिटें लागतात, ह्या हिशेबानें घड्याळांत दुपारचे बारा वाजतात तेव्हां देगलूरचा सूर्य माथ्यावर यावयास, वर्षाच्या सरासरीनें, आणखी वीस मिनिटें असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस तेथें सूर्य पांच वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास मावळतो, तर जुलईच्या आरंभीं सात वाजेपर्यंत रेंगाळतो. सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यांत फरक काय तो सव्वादोन तासांचा.

लंडनचा मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक आणि लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तेथील तक्रारीचें स्वरूप निराळें कां, तें कळतें. विल्यम विलेट नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १९०७ सालीं एक पुस्तिका काढून, उन्हाळ्यांत लोक उजाडल्यावरही निजून राहतात आणि तेवढा प्रकाश फुकट जातो, म्हणून घड्याळें पुढें ढकलावीं, असें सुचविलें. लोकांनीं त्याची थट्टा केली. पुढें महायुद्धांत कोळसा वांचविण्याची गरज पडली, तेव्हां जर्मनीनें ३० एप्रिल १९१६ रोजीं आणि इंग्लंडनें २१ मे रोजीं तेंच केलें. विलेट त्यापूर्वींच वारला होता. देगलूरच्या शेतकऱ्यास ही युक्ति सांगितली असती तर त्यास तिचा अर्थच कळला नसता. कारण तो उजाडल्यावर निजून राहत नव्हता, आणि त्याच्यापाशीं पुढें ढकलावयास घड्याळही नव्हतें.

त्याची वेळ घटकांची होती. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत साठ घटका, आणि एक घटका आपल्या चोवीस मिनिटांची. तांब्याच्या लहान वाटीच्या बुडास बारीक भोंक पाडून ती पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं हें घटिकापात्र खेड्यापाड्यांतून वापरीत. पंचांगांत प्रत्येक दिवसाचें दिनमान, म्हणजे उजेडाचें मान, घटका-पळांत दिलेलें असे. ह्या व्यवस्थेचा विशेष असा कीं, दिवसाचा आरंभ कोणाच्या हुकुमानें होत नसे. देगलुराजवळच्या होट्टल येथें कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचीं देवळें आहेत. त्या काळच्या शिलालेखांत दानाची वेळ पुष्कळदां संक्रांत किंवा ग्रहण अशी सांगितलेली आढळते. राजा दान देई तेंही आभाळाच्या साक्षीनें, आणि ती साक्ष कोणत्याही गांवकऱ्यास मान वर करून तपासतां येई. दिवस लहान झाला अशी तक्रार तेव्हांही असेलच. पण त्या तक्रारीस प्रतिवादी नव्हता.

प्रतिवादी उत्पन्न झाला तो सारावसुलीच्या सनाबरोबर. मुसलमानी अमदानींत सरकारी हिशेबास हिजरी सन आला. तो चांद्र सन. त्याचें वर्ष ३५४ दिवसांचें, म्हणजे ऋतुचक्रापेक्षां सुमारें अकरा दिवसांनीं तोकडें. धर्मकृत्यांस त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु सारा त्या सनावर बसविला कीं गोंधळ होतो. वसुलीचा महिना दरवर्षीं अकरा दिवस अलीकडे सरकतो. आज खळ्यावर धान्य असतां येणारा तगादा कांहीं वर्षांनीं पीक उभें असतां येतो, आणि त्यापुढें पेरणीपूर्वींच दारांत उभा राहतो. शिवाय तेहतीस चांद्र वर्षें म्हणजे बत्तीस सौर वर्षें. शेतानें बत्तीस पिकें दिलीं आणि दप्तरानें तेहतीस सारे मागितले, असा तो हिशेब होय. अकबराचा इतिहासकार अबुल फझल ह्यानेंही चांद्र वर्षानें सारा घेण्यांतील हा अन्याय नमूद केला आहे.

ह्या तोकडेपणावर दख्खनमध्यें जो तोड निघाला तो पाहण्यासारखा आहे. महंमद तुघलकाच्या अमदानींत, इ. स. १३४४ च्या सुमारास, हिजरी सनाचा चालू आंकडा तसाच ठेवून त्याचें वर्ष मात्र सौर करण्यांत आलें. हाच शुहूर सन. त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रांत शिरतो त्या दिवशीं होई. म्हणून लोक त्यास मृगसाल म्हणत. आदिलशाहींत आणि पुढें मराठ्यांच्या दप्तरांत हाच सन चालला. पेशव्यांच्या कागदांवर वर्षाचा आंकडा अरबी संख्यावाचक शब्दांनीं लिहिलेला दिसतो आणि नवशिक्या अभ्यासकाची त्रेधा उडते. पण त्या अरबी शब्दांच्या आड वर्षाचा आरंभ आमच्या शेतकऱ्याच्या मृगाचाच असतो. सुलतानानें आपल्या वर्षाचा पहिला दिवस पावसाच्या नक्षत्रापाशीं आणून बांधला, ही गोष्ट लहान नव्हे.

अकबरानें उत्तरेंत हीच सुधारणा फसली सन ह्या नांवानें केली. फसल म्हणजे पीक. नांवांतच सर्व आलें. दख्खनमध्यें फसली सन आला तो शहाजहानच्या कारकीर्दींत, १६३६ च्या सुमारास. तो काळ ह्या मुलखास विसरतां येण्यासारखा नाहीं. १६३० सालीं पाऊस गेला आणि गुजराथ व दख्खनमध्यें भयंकर दुष्काळ पडला. मागाहून आलेल्या अतिवृष्टीनें उरलेंसुरलें नेलें. ह्याच धामधुमींत १६३१ मध्यें कंधारचा किल्ला आणि १६३६ मध्यें उदगीर व औसा हे किल्ले मोंगलांनीं घेतले. देगलूर ह्या किल्ल्यांच्याच शेजारचें. म्हणजे ह्या भागांत नवी सत्ता आणि नवा सन हीं हातांत हात घालून आलीं. बादशहास रयतेची दया आली म्हणून त्यानें सन बदलला, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. दुष्काळानें ओस पडलेल्या गांवांतून वसूल करावयाचा तर खळें भरल्यावांचून तगादा लावण्यांत हांशील नाहीं, इतका व्यवहार त्यास कळत होता. पण रयतेची कुरकुर आणि राजाचा स्वार्थ ज्या एका ठिकाणीं मिळाले तेथें सुधारणा झाली, आणि ती टिकली.

येथें वाचकांनीं तीन आंकडे ध्यानांत घ्यावे. शुहूर सनांत ५९९ मिळविले कीं इसवी सन निघतो. उत्तरेच्या फसलींत ५९३ मिळवावे लागतात आणि दख्खनच्या फसलींत ५९०. (वर्षारंभ जानेवारींत नसल्यामुळें वर्षाच्या कांहीं भागांत एकाचा फरक पडतो.) हे आंकडे निरनिराळे कां? तिन्ही सनांचा उगम हिजरी सनांतच आहे. पण ज्या वर्षीं चांद्र वर्ष सोडून सौर वर्ष धरलें, त्या वर्षीं हिजरी आणि इसवी ह्यांत जें अंतर होतें तें त्या सनांत कायमचें थिजून राहिलें. १३४४ सालीं हिजरी ७४५ होतें; अंतर ५९९. अकबर गादीवर बसला त्या १५५६ सालीं हिजरी ९६३, अंतर ५९३. १६३६ सालीं हिजरी १०४६, अंतर ५९०. झाडाच्या बुंध्यांत जशीं दुष्काळाचीं वर्षें दिसतात, तद्वत् ह्या बेरजांत कुरकुर ऐकिली गेल्याचीं वर्षें दिसतात. शेतकऱ्याचें एकही निवेदन आमच्या हातीं नाहीं. पण त्या निवेदनावर शेरा केव्हां पडला तें आम्ही सांगूं शकतों.

फसलीची पुढची कथा मात्र उद्बोधक असून थोडी विनोदीही आहे. निजामी राज्यांत ह्या सनाचें वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई आणि त्याच्या महिन्यांस इराणी नांवें देण्यांत आलीं: आजुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. इराणांत फरवर्दीन हा वसंताचा पहिला महिना, मार्चच्या अखेरीस लागणारा. हैदराबादेंत तो फेब्रुवारीच्या आरंभीं आला. इराणांतला आजुर कडाक्याच्या थंडीच्या तोंडाशीं येतो. देगलुरांत तो येई तेव्हां कापूस फुटत असे. म्हणजे ऋतूशीं मेळ घालण्यासाठीं जन्मास आलेल्या सनाच्या महिन्यांचीं नांवेंच बेमोसम झालीं. गांवच्या माणसाचें कुटुंब चैत्र-वैशाखावर चाले, शेत मृग-आर्द्रांवर, मोहरम आणि रमजान हिजरीवर, आणि कचेरी आजुर-दैवर. चार भाषांच्या गांवांत चार पंचांगें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला; तरी जुन्या जमिनीच्या कज्जांत वकिलास आजही फसली साल वाचावें लागतें आणि ५९० मिळवावे लागतात.

सनाची गोष्ट येथवर झाली. आतां तासाची. एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि तिच्याबरोबर घड्याळाची सुलतानी आली. प्रत्येक गांवानें आपआपल्या सूर्याप्रमाणें वेळ धरिली तर गाड्यांचें वेळापत्रक लावणें अशक्य. म्हणून रेल्वेनें मद्रासची वेळ धरिली. १८८१ सालीं मुंबईच्या गव्हर्नरानें ती वेळ मुंबई शहरावर लादून पाहिली. पण लोकांचा विरोध इतका झाला कीं १८८३ मध्यें तो हुकूम मागें घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठीं ग्रीनिचच्या पुढें साडेपांच तासांची प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटें मागें होती. ह्या ३९ मिनिटांवरून मुंबईंत जें रण माजलें त्यास आज कोणी पोरखेळ म्हणेल. परंतु त्याची पार्श्वभूमि पाहिली पाहिजे. गिरण्यांत काम पूर्वीं उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. अंधार हाच मजुराचा कायदा होता. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास चौदा-पंधरांवर गेले. त्याच्या लगेच पुढच्या जानेवारींत, जेव्हां मुंबईचा सूर्य आधींच उशीरां उगवतो, घड्याळ ३९ मिनिटें पुढें ढकलण्यांत आलें. म्हणजे मजुरास अधिक अंधारांत उठून निघणें आलें. गिरणीमजुरांनीं नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलें, ह्यांत नवल तें काय? पुढें १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे तास बारांवर आणले. वेळेविषयींची कुरकुर ही मुळांत श्रमाविषयींची कुरकुर होती, हें ह्यावरून उघड होतें. मुंबईच्या नगरपालिकेनेंही पुष्कळ वर्षें जुनी वेळच चालविली, आणि कलकत्त्याची वेळ १९४८ पर्यंत टिकली.

ह्या काळांत देगलूर कोठें होतें? मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला; देगलूर त्यापासून दूर राहिलें, आणि आजही त्या गांवास रेल्वे नाहीं. म्हणून तेथें घड्याळ शिट्टी फुंकीत आलें नाहीं. तें कचेरी, शाळा आणि टपाल ह्यांच्या पावलांनीं हळूहळू आलें. दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानची घड्याळें आणखी एक तास पुढें होतीं. त्या वेळेनें देगलूरचा खरा माध्यान्ह दुपारीं एक वाजून वीस मिनिटांनीं होई. विलेटची युक्ति अखेर ह्या देशांत आली, पण ज्या देशांत उजेड फुकट जात नव्हता अशा देशांत ती हुकुमानें आली. उलट आसामांतील चहाच्या मळ्यांत घड्याळ एक तास पुढें ठेवण्याची चाल, जिला बागान वेळ म्हणतात, ती इंग्रज मळेवाल्यांनीं पाडली आणि ती अद्याप चालू आहे. ज्याच्या हातीं मळा त्याच्या सोयीस तास मिळाला. देगलूरच्या मजुराच्या वीस मिनिटांची विचारपूस करण्याचें कोणास कारण पडलें नाहीं.

येथपर्यंत आम्ही सुलतानी वेळेविषयीं बोललों. आतां अस्मानी. "पूर्वीं असें नव्हतें" ह्या वाक्याची परीक्षा करणें इतिहासाच्या अभ्यासकास भाग आहे, आणि ती त्यानें प्रामाणिकपणें केली पाहिजे. पूर्वीं ऋतु नेमानें येत, हें खरें काय? दख्खनच्या परंपरेंत दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून बारा वर्षें चालला असें सांगतात. १६३० चा उल्लेख वर आलाच आहे. १८७६ पासून दोन वर्षें, पुढें १८९९-१९००, आणि जुन्या माणसांच्या तोंडून अद्याप ऐकूं येणारा १९७२ चा, ह्या दुष्काळांत पावसानें आपली वेळ पाळली नव्हती. मनुष्याच्या आठवणींत चांगला पाऊस नेम म्हणून राहतो आणि वाईट पाऊस अपवाद म्हणून. म्हणूनच प्रत्येक पिढीस आपल्याच काळांत ऋतु बिघडल्यासारखे वाटतात.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. आमचीं नक्षत्रें तारकांवर बांधलेलीं आहेत, ऋतु सूर्याच्या दक्षिणोत्तर गतीवर. आणि अयनचलनामुळें ह्या दोहोंत सुमारें सत्तर वर्षांत एका दिवसाचें अंतर पडतें. आज मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. शुहूर सन सुरू झाला तेव्हां तो ऋतूच्या हिशेबानें आजच्यापेक्षां नऊदहा दिवस आधीं लागत असे. म्हणजे "मृग पूर्वींचा राहिला नाहीं" हें शब्दशः खरें आहे. पण तो अपराध पावसाचा नव्हे. ह्याच जातीचा घोळ दूर करण्यासाठीं मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं समिति नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून सौर राष्ट्रीय पंचांग चालू झालें. देगलूरच्या शेतकऱ्यानें मात्र पेरणी मृग-आर्द्रांवरच चालू ठेविली, कारण त्याचा सारा अनुभव त्याच नांवांखालीं सांठविलेला आहे.

तथापि "असें पूर्वींही होतें" एवढ्यानें आजच्या कुरकुरीस उत्तर मिळत नाहीं. १९०१ पासून २०१८ पर्यंत भारताचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंशानें वाढलें आहे, आणि हवा एका अंशानें तापली कीं तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक बाष्प मावतें. तें पडतें तेव्हां झोडपून पडतें. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चांत मराठवाडा-विदर्भावर जी गारपीट झाली तिनें लक्षावधि हेक्टरांवरील काढणीस आलेलें पीक आडवें केलें. दोनच वर्षांनीं, एप्रिल २०१६ मध्यें, शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. २०२५ सालीं मोसमी पाऊस २४ मे रोजीं केरळांत आणि २६ मे रोजीं मुंबईंत पोंचला. मृग लागण्यापूर्वींच रानें चिखलानें भरलीं आणि उन्हाळी पिकें हातचीं गेलीं. म्हातारा मनुष्य चुकीच्या कारणानें बरोबर बोलत असेल. पण तो बरोबर बोलतो आहे.

आणि आजही त्याचें दुःख एकट्या आभाळाचें नाहीं. आभाळाच्या अवकाळाला सरकारी वेळेची गांठ मारलेली आहेच. गारा पडल्या कीं पंचनामा झाला पाहिजे. पंचनाम्यास तलाठी आला पाहिजे. मदत मिळण्यासाठीं पूर्वीं निम्मे पीक बुडालेलें दाखवावें लागे. २०१५ सालीं ही मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली. २०१६ पासूनच्या पीक विमा योजनेंत गारपीट झाल्यास बहात्तर तासांच्या आंत सूचना द्यावी लागे. ज्याच्या घराचें छप्पर उडालें, वीज गेली, फोन बंद पडला, त्याचेही तास हेच बहात्तर असत. हिजरी वर्षाचे अकरा दिवस आणि विम्याचे बहात्तर तास ह्यांची जात एकच: दोन्ही दप्तराच्या सोयीस बरोबर आणि शेताच्या सोयीस चूक.

उजेडाविषयींची आजची खरी तक्रारही अशाच ठिकाणीं आहे. मराठवाड्यांतील शेतकरी "दिवस लहान झाला" असें म्हणतो, त्याहून मोठ्यानें "दिवसा वीज द्या" असें म्हणतो. शेतीपंपास वीज आळीपाळीनें मिळते. कांहीं दिवस उजेडांत, कांहीं दिवस रात्रीं. रात्रीची पाळी आली कीं पौषाच्या थंडींत, विंचूकाट्याच्या आणि सापाच्या भयांत, हातांत विजेरी घेऊन हरभऱ्यास पाणी द्यावयास जावें लागतें. घरचा कर्ता पुरुष परत येईपर्यंत घरांत कोणास झोंप नसते. कारखाने आणि शहरें दिवसा जागीं असतात, म्हणून शेतानें रात्रीं जागावें, ही घड्याळाची नवी सुलतानी होय. तिच्याविषयींची कुरकुर वर्षानुवर्षें मोर्चांतून, सभांतून आणि पारावर होत राहिली. अखेर २०१७ सालीं राज्यानें शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर चालविण्याची योजना हातीं घेतली. सौर वीज दिवसाच निर्माण होते. म्हणून जेथें ती वाहिनी पोंचली तेथें पंप सूर्याबरोबर सुरू होतो आणि सूर्याबरोबर थांबतो. जेथें पोंचली नाहीं तेथें विजेरी अद्याप खुंटीस टांगलेलीच आहे.

मृगसाल सुरू करणाऱ्यानें जें केलें तेंच हें: सरकारचें काम आभाळाच्या वेळेशीं नेऊन बांधणें. असें बांधलें कीं कुरकुर थांबते. न बांधलें तर लोक दोन वेळा चालवितात, एक सांगावयाची आणि एक जगावयाची. आभाळास कोणी जाब विचारूं शकत नाहीं, हें देगलूरच्या बाजारांत बोलणाऱ्या मंडळीसही पक्कें ठाऊक आहे. म्हणूनच त्यांचें तिसरें वाक्य सरकाराविषयीं असतें. पहिलीं दोन वाक्यें ऐकून हंसणाऱ्यानें तें तिसरें ऐकण्यापुरतें थांबावें, आणि जमल्यास तारीख घालून लिहून ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे. सहाशें वर्षांपूर्वीं तें कोणी लिहून ठेविलें असतें, तर आज आम्हांस तें बेरीज-वजाबाकींतून शोधावें लागलें नसतें.